ककळाट

काळ्या चौदसच्या रात्री नंदुरबारात
घराघरांतून बायका निघतात,
ताटलीत उडदाचे वडे, तांब्यात पाणी.
माळीवाड्याच्या चौकात वडे ठेवायचे,
भोवती पाण्याचं रिंगण काढायचं
आणि वळायचं.
मांगे देखू नको, सासू सांगते सुनेला.
वर्षभराचा ककळाट असा बाहेर काढायचा:
भांड्यांची आदळआपट, वाटणीचे कागद,
दिराचं पिणं, नणंदेचं तोंड.

कुठून आलं हे सगळं?
भटजी म्हणतात, नरकासुर.
घाण्यावरचा वेडू तेली म्हणायचा,
सुरतेचे व्यापारी तापीच्या काठाकाठानं आले,
त्यांच्या गाड्यांत, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये
बसून आला ककळाट.
आमच्या गल्लीत वेगळंच सांगत:
मरीच्या साली प्रेतं उचलायला आमचीच माणसं,
त्यांचं जेवण लोक चौकात ठेवत,
पाण्याची रेघ ओढत, शिवू नये म्हणून,
आणि मागे न बघता घर गाठत.
मला हे पटतं.
पण झाडूवालीला पटलेलं
पोथीत कोण लिहितं?

माझं नाव सुपडाबाई.
माझ्याआधीची तिघं गेली, म्हणून आईनं मला
सुपात घालून उंबऱ्यावरून ओढलं.
यमाला वाटावं, केर आहे.
यम फसला.
नगरपालिका नाही फसली.

एरवी चौक माझा पहाटे चारला.
त्या वर्षी मुकादम म्हणाला, सकाळी साहेब येणार,
रात्रीच झाडून घे.
गेले. शेवटचं रिंगण अजून ओलं होतं.
अंगावर पांढरं लुगडं, तोंडाला फडकं,
हातात खराटा.
धुळीत माझी सावली माझ्याहून उंच.
कचरू टेलरची बायको परत चालली होती,
तिच्या बोटाला लोटन, सहा वर्षांचा.

त्यानं मागे बघितलं.

असं ओरडला पोरगा की
कुत्रीसुद्धा वडे सोडून पळाली.
तीन दिवस ताप, गळ्यात काळा दोरा.
आठवड्याभरात माझे पाय उलटे झाले,
डोळ्यांत निखारे आले,
खराट्यानं मी माणसांचं आयुष्य झाडू लागले.
भाजीबाजारात मीच ऐकलं हे,
मेथीची जुडी निवडत.
भाजीवालीला म्हटलं, बाई गं, खरंच?
पाय माझे वाताने वाकडे, उलटे नाहीत.
पण तिथे तिला कोण सांगणार.

पुढच्या चौदसला वड्यांशेजारी एक वेगळी पत्रावळ:
हळदकुंकू, गुळाचा खडा,
आणि हिरव्या बांगड्या, डझनभर.
हडळीसाठी.
अकरा वर्षं झाली होती माझ्या धन्याला जाऊन.
हळदीकुंकवाला ज्यांनी मला
ओट्याखालीच थांबवलं,
त्यांनी बांगड्या पाठवल्या,
मापसुद्धा बरोबर.

घातल्या नाहीत. मोडल्याही नाहीत.
पत्र्याच्या डब्यात आहेत,
पगाराच्या पुस्तकाखाली.

आता लोटनचं मोबाईलचं दुकान आहे, त्याच चौकात.
शटर पाडताना गिऱ्हाइकांना सांगतो,
मी पाहिलीये तिला, आईशप्पथ,
आणि माझ्या देखत दारातला कचरा
माझ्याकडे पायाने सरकवतो.

परवाच्या चौदसला भूक लागली होती.
दुकानाच्या पायरीवर बसले,
रिंगणाच्या आत हात घातला,
एक वडा उचलला, मग दुसरा.
कुणाच्या वाटणीचा, कुणाच्या नणंदेचा,
चव सारखीच.
मीठ जरा कमी.
बाकीचे कुत्र्यांना टाकले, खराटा उचलला,
पाण्याच्या रेघा पुसल्या.

घरी निघताना मी मात्र
मागे वळून बघते.
रोजची सवय आहे,
काही राहिलं तर नाही ना.